बिजागरी नसलेलं झाकण

त्या काळात बाबा माझ्याशी आयमार्फत बोलायचा. अबोला म्हणावा असं ते नव्हतं, कारण वरळी कोळीवाड्यातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. एवढ्याशा जागेत कुणाशी अजिबात न बोलून भागत नाही. मी त्याच्या समोर मांडी घालून जेवत असलो तरी तो आयकडे बघून म्हणे, "तुझ्या पोराला विचार, कालवण हवं काय." आय माझ्याकडे वळून विचारी, "कालवण हवं काय रे?" मी नको म्हणे, आणि ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असूनही आय त्याला सांगे, "नको म्हणतो." मग तो कालवणाचा टोप माझ्याकडे सरकवी. बोंबलाचं आंबट कालवण, तांदळाची भाकरी आणि आयच्या तोंडातून जाणारे-येणारे निरोप, असं आमचं रोजचं जेवण होतं. आम्ही घरी कोळी बोलीत बोलायचो आणि आईबापाला अरे-तुरेच करायचो. इथे लिहिताना बोली थोडी पुसली आहे, पण अरे-तुरे तसंच ठेवलं आहे.

कारण साधं होतं. मी समुद्रावर जाणार नाही असं मी सांगितलं होतं. मला होडी लागायची. कोळ्याच्या पोराला होडी लागते हे ऐकून वाड्यातले लोक हसत, पण ते खरं होतं. किनारा दिसेनासा झाला की मी काठाला धरून ओकायचो. शिवाय मला कॉमर्सला जायचं होतं. एकुलता मुलगा येणार नाही म्हटल्यावर बाबाने 'जनाबाई' विकली. ती त्याच्या आईच्या नावाची होडी. विकत घेणारे वसईकडचे होते, ते तिला घेऊन निघाले तेव्हा बाबा धक्क्यावर गेला नाही, घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाहेर समुद्रात पुलाचे खांब ठोकत होते, दिवसभर धाड, धाड असा आवाज यायचा आणि भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. त्या आवाजात बाबा पडून असायचा आणि मी पोटमाळ्यावर अकाउंटन्सी करायचो. खाली तो कुशीवर वळला की मला वाटायचं, हे मी केलं. आजही कुणी माणूस दिवसाढवळ्या भिंतीकडे तोंड करून झोपलेला दिसला, की काही संबंध नसताना मला माफी मागावीशी वाटते.

माफी मागण्याची सवय मला लहानपणापासूनच होती, आणि ती लागली टॅक्सीवाल्यांमुळे. आय दादरच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल घ्यायचा, बर्फ घालायचा आणि उजाडायच्या आत दादर गाठायचं. मालाच्या पाट्या बघितल्या की टॅक्सीवाले काचा वर करत. हात केला की वेग कमी होई, पाटी दिसली की पुन्हा वाढे. मी बरोबर असलो तर खिडकीशी जाऊन म्हणायचो, "सॉरी, पाणी नाही गळणार, खाली प्लास्टिक घालतो, सॉरी." आय मागून ओरडायची, "सॉरी कशाला म्हणतो रे? मेलेली मासळी हाय, मेलेलं माणूस नाय!" बाजारातल्या चौघी जणी मिळून एक टेम्पो करायच्या तोवर निभावलं. मग टेम्पोवाला धंदा सोडून गावी गेला. बाकीच्या तिघी कुणा ना कुणाच्या गाडीत सामावल्या, आय उरली.

तिचा ओटा बाजाराच्या तोंडाशी होता. सासूकडून आलेला. तिथे कागद वगैरे काही नसतो; जी रोज बसते तिची जागा. चार दिवस ओटा रिकामा दिसला की शेजारणीचा टब हळूच इकडे सरकतो, आठवड्याने ती तिथे मांडी ठोकते, आणि नंतर भांडून उपयोग नसतो कारण बाजार तिच्या बाजूने बोलतो. आयने हे दुसऱ्यांच्या बाबतीत झालेलं पाहिलं होतं. होळीच्या सुमारास एका टॅक्सीवाल्याने बर्फाचं पाणी सीटखाली आलं म्हणून तिला वाटेत हिंदमात्याला, साड्यांच्या बंद दुकानांसमोर, पाट्यांसकट उतरवलं. त्या दिवशी ती बाजारात पोचली तेव्हा शेजारणीची सुरमई तिच्या ओट्यावर मांडलेली होती. घरी येऊन ती रडली नाही. फक्त म्हणाली, "होडी गेली. आता ओटा गेला, की आपण कोळी कशाला म्हणायचं? पत्ता तेवढा कोळीवाड्याचा उरंल."

संत्या माझा कॉलेजातला मित्र, वरळीच्याच बीडीडी चाळीत राहणारा. त्याच्या वडिलांनी टॅक्सी चालवणं सोडलं होतं आणि त्यांची जुनी काळी-पिवळी चाळीच्या मागे कावळ्यांसाठी उभी होती. टॅक्सी म्हणून तिचे दिवस संपले होते. कुणाची खासगी गाडी म्हणून अजून थोडी चालली असती. ती आम्ही घेतली. ज्या टॅक्सीवाल्यांनी आयला आयुष्यभर नाकारलं त्यांच्यातलीच एक घरी आणायची, याचा मला फार आनंद झाला होता. आयला त्याहून जास्त. तिने बॉनेटवर थापटी मारून म्हटलं, "आता बघते कशी नाय थांबत."

पण गाडी घरी आल्यावर कळलं की डिकी बंद होत नाही. स्टेपनी काढून टाकली तरी बर्फासकटच्या पाट्या काठाच्या वर वीतभर येत. झाकण उघडं ठेवून दोरीने बांधलं तर धक्क्यावरचे कावळे पाट्यांवर बसत आणि धूर आत शिरे. संत्या म्हणाला, "भावा, झाकणच उंच करू. मधून कापतो, पत्रा जोडतो, वेल्डिंग मारतो. एका रविवारचं काम." त्याने ग्राइंडर आणला आणि आमच्या दारासमोरच्या बोळात झाकण काढून चराचरा कापायला घेतलं. ठिणग्या उडायला लागल्या, सुकत टाकलेल्या बोंबलांच्या दोरीखालून बायका ओरडायला लागल्या, आणि त्या आवाजाने बाबा दाराशी येऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी तो दुपारी उभा दिसत होता.

"त्या पोरांना सांग," तो आयला म्हणाला, "पत्रा लावतील तर पावसाळ्याच्या आत गंजून जाईल. मिठाचं पाणी हाय ते."

"मग काय लावायचं?" संत्याने थेट त्यालाच विचारलं. त्याला आमच्या घरची पद्धत ठाऊक नव्हती.

बाबा गोंधळला. मग त्याने कापलेला पत्रा पायाने बाजूला सारला आणि म्हणाला, "फायबर."

आमच्याकडे तोवर सगळ्या होड्यांना बाहेरून फायबर चढवायला लागले होते. लाकडावर काचेच्या धाग्यांची चटई पसरायची, तिच्यावर रेझिन फासायचं, वाळलं की दुसरी चटई. बाबाने ते 'जनाबाई'वर कितीदा तरी केलेलं होतं. त्याने फळकुटांचा साचा ठोकला, आणि तो डिकीच्या झाकणाचा नव्हताच; होडीत बर्फ ठेवायच्या खणावर जे झाकण असतं त्याचा होता. मधे फुगीर, चारी बाजूंनी खाली उतरलेलं, काठावर ओठ. रेझिनचा वास बोळभर भरला, डोळे चुरचुरायला लागले. काचेचे धागे अंगाला लागून आमचे हात लाल झाले, आय आम्हाला एका रांगेत बसवून खोबरेल चोळायची आणि शिव्या घालायची. एका संध्याकाळी ओल्या चटईचं एक टोक बाबाच्या हातातून सुटायला लागलं. आय घरात नव्हती. तो इकडेतिकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "धर."

मी धरलं. वर्षभरात तो माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी एवढं घट्ट धरलं की माझ्या बोटांचे ठसे त्या थरात उमटले. ते अजूनही आहेत.

झाकण तयार झालं तेव्हा संत्याने खिशातून नव्या बिजागऱ्या काढल्या. बाबाने त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "या कशाला?"

"काका, झाकण उघडायचं कसं मग?"

"उचलून. खणाला कुठं बिजागरी असते? गंजते, जाळं अडकतं तिच्यात."

"पण काका, गाडीत जाळं नाही."

"गंज तर हाय?"

संत्याने माझ्याकडे बघितलं. पोरगा होडीवर गेला नाही, म्हणून होडीचं झाकण गाडीवर बसत होतं; निदान ते त्याच्या मनासारखं बसू दे, असं मला वाटलं. तर आमच्या गाडीच्या डिकीला बिजागरी नाही, कुलूप नाही. झाकण डब्याच्या टोपणासारखं वरून बसायचं आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने, बाबालाच सुटतील अशा गाठींनी बांधलं जायचं. होडीच्या उरलेल्या निळ्या ऑइल पेंटने त्याने सगळी गाडीच रंगवली आणि झाकणावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, 'जनाबाई'. वर नारळ फोडला, पाणी शिंपडलं. वाड्यातली माणसं येऊन बघून गेली. कुणी म्हणालं, "होडी रस्त्यावर आणली की गाडी समुद्रात सोडतो?" बाबा म्हणाला, "तुला काय, तू बस स्टॉपवरच राहा."

पहिल्या फेरीत त्याची एक चूक उघडी पडली. वास आत कोंडू नये म्हणून झाकणावर त्याने टोप्या घातलेली दोन हवेची भोकं ठेवली होती, आणि त्या टोप्यांची तोंडं पुढे होती, होडीवर असतात तशी. वारा पुढून येतो, आत शिरतो. गाडीत मात्र तो वारा डिकीत शिरून मागच्या सीटच्या फटीतून थेट आमच्या नाकात येत होता, मासळीचा, बर्फाचा आणि कच्च्या रेझिनचा मिळून. दादरला पोचेपर्यंत आय डोकं बाहेर काढून बसली होती. "असला वास तर मलापण नाय सोसत," ती म्हणाली. त्या दिवशी मी कॉलेजात शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एकटा बसलो आणि तरी दोनदा सॉरी म्हणालो. संध्याकाळी बाबाने टोप्या उलट्या फिरवल्या, सीटची पाठ फायबरने बुजवली आणि आयला म्हणाला, "तुझ्या पोराला विचार, आता कसं हाय." आता बरं होतं. गाडी चालली. आय रोज वेळेवर ओट्यावर बसायला लागली, शेजारणीचा टब आपल्या जागी परत गेला. बाबा, जो मासळी विकणं बायकांचं काम म्हणून कधी बाजाराकडे फिरकला नव्हता, तो गाठी सोडायला म्हणून रोज बरोबर येऊ लागला.

बाजाराशेजारी एक चांगली जुनी इमारत होती. आम्ही तिच्या समोरच्या रस्त्यावर माल उतरवायचो. तळमजल्यावरचे एक गृहस्थ रोज गॅलरीत चहा घेत उभे राहायचे आणि नाकाला रुमाल लावायचे, पाट्या आत असोत की नसोत. त्यांच्यासमोरून जाताना मी मान खाली घालून "सॉरी काका" म्हणायचो. एकदा ते म्हणाले, "सॉरी काय, ही गाडी कायदेशीर तरी आहे का? मी बोलतो वर." मी त्यांनाही सॉरी म्हणालो.

ते खरंच बोलले असावेत. एका सकाळी हिंदमात्याला, आयला उतरवलं होतं त्याच दुकानांच्या रांगेसमोर, हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने झाकणावर टिचकी मारली. "हे काय आहे? कंपनीचं झाकण कुठाय?"

"साहेब, सॉरी," मी बाहेर पडत म्हणालो.

"सॉरी नंतर. गाडीत असा बदल करता येत नाही. चौकीत लावा गाडी. कंपनीचं झाकण आणा, बसवा, मग घेऊन जा."

कंपनीचं झाकण संत्याने दोन तुकडे करून कधीच भंगारात दिलं होतं. मी म्हणालो, "साहेब, आमची चूक झाली, आम्ही आजच काढतो, फक्त माल तेवढा..." आणि ते बोलता बोलता मला दिसलं की मी हात जोडले आहेत. माझी आई आणि माझा बाप मागे बसलेले, आणि मी त्यांच्या वतीने चूक कबूल करतो आहे. कसली चूक?

आयने दार उघडलं. ती खाली उतरली, लुगडं खोचलं, बंद दुकानाच्या पायरीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "नरेश, पाट्या काढ."

"आय, थांब जरा, साहेब बोलतायत..."

"साहेबांनी गाडी थांबवली ना? मासळी थांबते काय? बर्फाचं पाणी झालं तर भरून कोण देणार? काढ पाट्या, मी इथंच मांडते. माझी ही जागा जुनी हाय, एका टॅक्सीवाल्यानं दिलेली." आणि तिने बाजारातला आवाज लावला. "ये गो, ताजी पापलेटं, ये! हिंदमाताला मासळी आली, ये!"

कामाला निघालेल्या दोन बायका खरंच थांबल्या. एकीने दर विचारला. मागे बसवाल्याने हॉर्न दाबून धरला. हवालदार गडबडला. "मावशी, उठा! इथे नाही चालणार, दुकानवाले मला धरतील."

"मग माझ्या ओट्यावर जाऊ दे."

"गाडी बेकायदा आहे हो!"

"कुठं बेकायदा?" हा बाबाचा आवाज होता. तो सावकाश उतरला, डिकीशी गेला. "काय चुकलं गाडीचं, सांग."

"हे झाकण गाडीचं नाही."

"नायच हाय. मी कुठं म्हटलं गाडीचं हाय?" बाबाने 'जनाबाई' या अक्षरांवर हात ठेवला. "वाच. गाडीला नाव असतं काय? होडीचं झाकण हाय हे. खणाचं. कुठं स्क्रू दाखव. कुठं बिजागरी दाखव."

हवालदार वाकला. त्याने काठाखालून बोट फिरवलं. स्क्रू नव्हता, बिजागरी नव्हती, वेल्डिंग नव्हतं. निळी दोरी होती. "म्हणजे हे बसवलेलंच नाही?"

"बांधलंय. सामान हाय माझं. तुम्ही टपावर गादी बांधून नेता, तवा गादी काय गाडीची होते?"

"बाबा," हवालदार म्हणाला, आणि त्याचं तोंड हसू दाबताना वाकडं झालं, "पण मग गाडीला डिकीचं झाकणच नाही."

"नाय. गरीब हाय गाडी."

बघ्यांतून कुणीतरी शिट्टी मारली. आय तिकडे हातानेच मापं दाखवत पापलेटाचा भाव सांगत होती. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे इथून काढा आधी. झाकण डिकीवर दिसलं नाही पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाबाने गाठी सोडल्या. झाकण उचललं, आणि मग तो जे करून बसला ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो डिकीत चढला. पाट्यांच्या मधे बर्फावर बसला आणि झाकण स्वतःच्या डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलं, पालथ्या होडीसारखं. "आता डिकीवर नाय," आतून आवाज आला. "माझ्या डोक्यावर हाय." मग तो म्हणाला, "नरेश, चालव."

त्याने आयला सांगायला नाही सांगितलं. आय तर पायरीवर होती, तिला ऐकूही आलं नसतं. मी तिला उठवून गाडीत बसवलं, हवालदाराकडे बघितलं, आणि तोंडात आलेला शब्द गिळून टाकला. सुका बोंबील न चावता गिळावा तसा.

हिंदमात्यापासून दादरपर्यंत मी गाडी हळूहळू नेली. मागे माझा बाप बर्फावर बसला होता, डोक्यावर निळं झाकण, त्यावर त्याच्या आईचं नाव, आणि उघड्या डिकीतून वास सगळ्या रस्त्यावर सांडत चालला होता. लोक वळून बघत होते. गॅलरीतल्या गृहस्थांसमोर मी गाडी नेहमीपेक्षा जरा जवळ लावली. ते रुमाल शोधायला लागले. मी मान वर करून म्हणालो, "काका, पापलेट आलंय." ते आत निघून गेले. बाबाची पँट भिजून चिकटली होती, हात आखडले होते, त्याला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. तो पहिलं वाक्य माझ्याशीच बोलला. "होडी लागली नाय ना तुला?"

दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा दोरीने डिकीवर होतं. तोच हवालदार दिसला. त्याने लांबूनच विचारलं, "झाकण कुणाचं?" बाबाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "होडीचं!" हे पुढे गाडी बंद पडेपर्यंत चाललं. ओटा आयचाच राहिला. गुडघे गेल्यावर तिने तो स्वतःच्या मर्जीने भाचीला दिला.

आता बाबा नाही. गाडी भंगारात गेली. आय कोळीवाड्यातच राहते. तुझ्या इमारतीत लिफ्टमध्ये सगळी श्वास रोखून उभी असतात, तिथं मी नाय येणार, असं म्हणते. मी परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतो. मी होडीवर गेलो नाही याचं ओझं अजून उतरलेलं नाही आणि या वयात ते उतरेल असंही वाटत नाही. झाकण माझ्या पार्किंगच्या जागेत भिंतीला टेकवून उभं आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी खाली भेटला. तरुण मुलगा आहे, अदबीने बोलतो. "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण दोनतीन जणांची तक्रार आहे. हे जे आहे ना तुमचं, याचा वास येतो. मासळीचा."

'सॉ...' एवढं माझ्या तोंडात आलंच होतं. मी वळून झाकणापाशी गेलो, ते भिंतीपासून जरा पुढे ओढलं आणि आतल्या बाजूला, माझ्या बोटांचे ठसे आहेत तिथे, नाक लावलं. धूळ होती. जुन्या ऑइल पेंटचा थोडासा वास होता. बाकी काहीच नव्हतं.

"येतो," मी त्याला म्हणालो. "येणारच. होडीचं झाकण आहे ते. इथेच राहील."

तो गेल्यावर मी परत वाकून तिथेच नाक लावून बघितलं.